नडगीला चीर गेली, धावणं थांबलं. आता ताट कमी करायचं का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, वजन ५४ किलो, पुण्यात आयटीत नोकरी. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन ही त्यांची पहिली पूर्ण मॅरेथॉन होणार होती. आठवड्याला साधारण ६० किलोमीटर धावणं चालू होतं. सप्टेंबरपासून डाव्या नडगीला आतल्या बाजूने दुखत होतं. शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याने होणारं नडगीचं साधं दुखणं, असेल म्हणून बर्फ आणि बाम लावत राहिल्या, आणि ऑक्टोबरच्या एका रविवारी २६ किलोमीटरचा लाँग रन संपल्यावर पाय टेकवेना. एक्स-रे स्वच्छ आला, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, दिसलं. डॉक्टरांनी पाय स्थिर ठेवणारा बूट दिला आणि ६ ते ८ आठवडे धावणं बंद केलं. ताई शाकाहारी आहेत. अंडं घरात चालत नाही, बाहेर खातात. त्या लिहितात: 'वजन वाढू नये म्हणून जेवण १२०० कॅलरीवर आणलंय. भात बंद, दिवाळीचा फराळ बंद. सासूबाई डिंकाचे लाडू आणि हळदीचं दूध घेऊन मागे लागल्या आहेत. हाड लवकर भरून यायला नेमकं काय खाऊ, कोणतं सप्लिमेंट घेऊ, आणि जानेवारीत उभी राहू शकेन का?'

लाडू खा. बाकीचं सावकाश सांगते.

मी १८ वर्षं खेळाडूंच्या आहाराचं काम करते. हाडांची डॉक्टर नाही, त्यामुळे बूट कधी काढायचा, पायावर भार कधी द्यायचा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन माझ्याकडे जेवढे धावपटू येतात, त्यातल्या बहुतेकांनी तुमच्यासारखीच पहिली कृती केलेली असते: धावणं थांबलं त्या दिवशी ताटातला भात काढला. मीही एकदा हेच केलं होतं. २०११ साली माझ्या पावलाच्या लांब हाडाला चीर गेली तेव्हा दुसऱ्यांना तक्ते लिहून देणारी मी स्वतः काकडी-टोमॅटोवर आले होते. तीन महिने लंगडले. हाड भरायचं नावच घेत नव्हतं आणि मी दोष धावण्याच्या बुटांना देत होते.

तुमचाच हिशेब मांडू. जिमच्या मशीनवर चरबी २४ टक्के आली असं तुम्ही लिहिलंय. त्या मशीनवर माझा फार विश्वास नाही, पण अंदाजाला चालेल. ५४ किलोतून चरबी वगळली की साधारण ४१ किलो उरतात: स्नायू, हाडं, रक्त, अवयव. शरीराचा रोजचा संसार या ४१ किलोंचा. धावण्याचा खर्च काढायला सोपा आहे, दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अंदाजे एक कॅलरी. ६० किलोमीटर गुणिले ५४ म्हणजे आठवड्याला ३२४०, दिवसाला सुमारे ४६०. ॲपच्या नोंदींनुसार तुम्ही धावत असताना रोज १६५० कॅलरी खात होता. त्यातून ४६० गेल्या, उरल्या ११९०. त्याला ४१ने भागलं तर किलोमागे २९.

आता हा २९ चा आकडा काय सांगतो ते बघा. निरोगी स्त्रीचं शरीर व्यवस्थित चालायला चरबी वगळता प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ४५ कॅलरी लागतात, आणि त्याही व्यायामाचा खर्च वजा करून. अमेरिकेतल्या संशोधक ॲन लाउक्स यांनी नियमित पाळी असलेल्या तरुण स्त्रियांवर प्रयोग केले. २००३ आणि २००४ साली ते प्रसिद्ध झाले. हा आकडा ३० च्या खाली गेला की अवघ्या ५ दिवसांत पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत होतात आणि नवं हाड बनत असल्याच्या रक्तातल्या खुणा कमी होतात, असं त्यात दिसलं. ३० ही काही भिंत नाही. कुणाचं शरीर थोडं वर असतानाच कुरकुरतं, कुणाचं खाली जाऊनही काही काळ निभावतं. पण २९ वर महिनोन् महिने राहणं आणि वर नडगीवर आठवड्याला ६० किलोमीटरचे हादरे, हे फार दिवस जमत नाही.

आता आजचा हिशेब. धावणं शून्य, खाणं १२००. भागिले ४१. उत्तर पुन्हा २९!

म्हणजे ज्या तुटीत हाडाला चीर गेली, त्याच तुटीत राहून ते भरून यावं अशी तुमची अपेक्षा आहे. ४५ च्या हिशेबाने तुम्हाला आज, दिवसभर बूट घालून खुर्चीत बसलेल्या असताना, सुमारे १८५० कॅलरी हव्यात. पहिल्या दोन आठवड्यांत कुबड्या वापरत असाल तर त्याहून थोड्या जास्तच, कारण कुबड्यांवर चालणं हे साध्या चालण्याच्या दुपटीहून महाग पडतं. थोडक्यात, धावत होता तेव्हापेक्षा तुम्ही आता जास्त खायला हवं. हे वाक्य ऐकून माझ्यासमोर बसलेल्या माणसांचे चेहरे कसे होतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

हाडाचं काम कसं चालतं ते समजलं तर हे पटायला सोपं जाईल. धावताना हाडात बारीक बारीक दुखापती होतच असतात आणि ते वाईट नाही. शरीर आधी तो भाग खरवडून काढतं, मग नवा भरतं. भिंतीचा पोपडा काढून नवा गिलावा करावा तसं. घोटाळा वेळेचा आहे. खरवडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. मधल्या काळात तो भाग कच्चा असतो. पुरेसं खाणं आणि पुरेशी विश्रांती असेल तर गिलावा वेळेत होतो. अन्न कमी पडलं की शरीर आधी हृदय, मेंदू, श्वास यांची सोय बघतं आणि गवंड्याची मजुरी थकवतं. पाळीचंही तसंच, या महिन्यात मूल वाढवणं परवडणारं नाही असं शरीर ठरवून टाकतं.

तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंय की गेले सहा-सात महिने पाळी ४५-५० दिवसांनी येते आणि 'ट्रेनिंगमध्ये हे नॉर्मल असतं ना?' नाही. धावणाऱ्या बायकांमध्ये हे वारंवार दिसतं, पण ते नॉर्मल नाही. तुमच्या सगळ्या मजकुरात मला सर्वात महत्त्वाची ओळ हीच वाटली. पाळी लांबली म्हणजे इस्ट्रोजेन कमी पडतंय, आणि इस्ट्रोजेन हाड खरवडण्याच्या कामाला लगाम घालतं. अमेरिकेची मेरी केन हे या बाबतीत जगभर माहीत झालेलं उदाहरण. शाळकरी वयात विक्रम करणारी ही धावपटू. वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि त्या काळात पाच हाडं मोडली, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्या प्रकाराला २०१४ मध्ये 'रेड-एस' असं नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जातूट. पुरुषही त्यात येतात. त्यांना पाळीसारखी घंटा नसते एवढंच. त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, सकाळची उत्तेजना जाते, चिडचिड वाढते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. सायकलवाल्यांत तर हे फार. एक तर सायकलिंगमध्ये हाडांवर आदळआपट नसल्याने हाडं तशीच कमी घट्ट, त्यात घाट चढायला वजन कमी हवं म्हणून उपाशी.

तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटा. गर्भनिरोधक गोळ्यांवर महिन्याला येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे, त्यावर समाधान मानू नका. पाळी लांबण्याची थायरॉइड, पीसीओएस (बीजांडकोशाचा विकार) अशी दुसरीही कारणं असतात, ती त्या तपासतील.

तूट आली कुठून? तुम्ही डाएट करत नव्हता, मुद्दाम उपाशी राहत नव्हता, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांची तूट अशी नकळतच साठलेली असते. तुमचा दिनक्रम बघा: पाच वाजता चहा, साडेपाचला धावायला बाहेर, सातला घरी, मग आंघोळ, मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, स्वतःचा डबा, आणि पहिला घास साडेनऊ-दहाला ऑफिसच्या टेबलावर, तोही पोह्यांचा. आदल्या रात्रीच्या जेवणापासून तेरा तास झाले आणि मध्ये दहा-बारा किलोमीटर. पूर्ण दिवसाची बेरीज बरी दिसली तरी रोज अर्धा दिवस शरीर उधारीवर चाललं होतं.

आणि दुसरं, आपल्याकडचं खास. जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात सुरू होते आणि नेमका तोच उपवासांचा हंगाम. श्रावणी सोमवार, शनिवार, मग हरतालिका, मग नवरात्राचे नऊ दिवस, मध्ये एकादशी आणि संकष्टी. किलोमीटर वाढत जातात आणि ताट आकसत जातं. नवरात्र संपल्यावर नडगी धरून येणारे धावपटू मी दर वर्षी बघते. उपवास सोडा असं मी कधीच सांगत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण उपवासाच्या दिवशी लाँग रन किंवा टेम्पो (सलग वेगात धावणं) ठेवू नका, तो आदल्या किंवा नंतरच्या दिवशी सरकवा. आणि साबुदाण्यावर भिस्त ठेवू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ ऊर्जा, त्यातलं प्रोटीन जवळपास शून्य. खिचडीत जो काही जीव आहे तो दाण्याच्या कुटाचा. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची दाट आमटी, सोबत वाडगाभर दही, हे खरोखर जेवण आहे. राजगिऱ्याची भाकरी, दूध, घरचं पनीर हेही चालतं.

आता खायचं काय.

सर्वात आधी भात परत आणा. पिष्टमय पदार्थ कमी केल्याचा फटका हाडाला बसतो, केवळ कॅलरी कमी झाल्याचा नव्हे. जागतिक दर्जाच्या रेसवॉकर्सना (चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना) साडेतीन आठवडे किटो आहार, म्हणजे पिष्टमय जवळपास बंद आणि भर चरबीवर, देऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. खाणं एकूण पुरेसं असूनही त्यांच्या रक्तात हाड खरवडलं जात असल्याच्या खुणा वाढल्या आणि बनण्याच्या खुणा घटल्या. तुमचं हाड आत्ता गवंड्याची वाट बघतंय. या काळात किटो, इंटरमिटंट फास्टिंग, 'रात्री कार्ब नाही' हे सगळं बाजूला ठेवा.

मग प्रोटीन. सामान्य माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दुखापतीच्या काळात किलोमागे १.६ ते २ ग्रॅम धरा. तुमच्यासाठी ८६ ते १०८, आपण ९५-१०० वर बोट ठेवू. कारण फक्त हाड नाही. पाय वापरात नसला की मांडी किती झपाट्याने वितळते याची लोकांना कल्पनाच नसते. निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवून केलेल्या डच अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद ५ दिवसांत साडेतीन टक्के आणि १४ दिवसांत आठ टक्क्यांहून जास्त घटला होता. शिवाय न वापरलेला स्नायू प्रोटीनला नीट दाद देत नाही, म्हणून एका बैठकीत भरपूर घेण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी २०-२५ ग्रॅम घेणं कामाचं.

शाकाहारी मराठी ताटात हे बसतं, पण आपोआप बसत नाही. आपली गफलत अशी की वरण हे प्रोटीन आहे असं आपण धरून चालतो. पातळ वरणाची वाटी म्हणजे जेमतेम चार-पाच ग्रॅम. पोहे, उपमा, साबुदाणा या नाश्त्यांमध्येही तेवढंच. तुमच्यासाठी मी असा दिवस लावेन: सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीचे दोन-तीन घावन आणि त्यात ५० ग्रॅम किसलेलं पनीर, झाले साधारण २३ ग्रॅम. दुपारी दोन भाकऱ्या, त्यातली एक नाचणीची, मोड आलेल्या मटकीची दाट उसळ मोठी वाटी भरून, आणि दीडशे ग्रॅम दही. पंचवीसच्या आसपास. चार वाजता मूठभर फुटाणे आणि मोठा पेला दूध, १६-१७. रात्री ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांचा रस्सा किंवा पिठलं, पोळ्या, थोडा वरणभात, पुन्हा पंचविसाच्या घरात. पिठलं असेल तर बेसन हात राखून घेऊ नका. झोपताना आणखी एक पेला दूध. बेरीज शंभराला टेकते. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन अंडी मिळाली तर बारा ग्रॅम तिथेच झाले. मांसाहारी वाचकांनी यातली उसळ काढून बांगडा किंवा चिकन टाकावं, हिशेब आणखी सोपा होतो.

व्हे पावडर? वाईट नाही, ते दुधाचंच आहे. एका चमच्यात २०-२४ ग्रॅम. वरचं खाणं जमत नसेल त्या दिवशी घ्या. मुलांचे डबे भरण्याच्या गडबडीत घावन घालायला वेळ नसणार हे मलाही कळतं.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम. दुधाच्या दोन मोठ्या पेल्यांतून ६००, दह्यातून दीडशेच्या वर, नाचणीच्या एका भाकरीतून १७० च्या आसपास, पनीर वेगळं. म्हणजे वर लिहिलेला दिवस खरंच खाल्लात तर कॅल्शियमच्या गोळीची गरज उरत नाही. दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी. नाचणीचं पीठ आंबवून आंबील केली तर त्यातलं कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. तिळाची चटणी जरूर खा, पण तिळातलं सगळं कॅल्शियम मिळतं असं समजू नका, त्यातलं बरंचसं ऑक्झॅलेटने धरून ठेवलेलं असतं. पालकाचंही तेच.

ड जीवनसत्त्वाबद्दल हमखास ऐकू येतं, 'आम्ही रोज बाहेर धावतो, आम्हाला कशाला कमी असेल?' पहाटे साडेपाचला धावून सात वाजता घरी येणाऱ्याच्या अंगावर ड जीवनसत्त्व बनवणारं ऊन पडतच नाही. ते ऊन साधारण अकरा ते तीनचं, आणि त्या वेळी तुम्ही एसीत असता. म्हणून तपासणी करा: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. आपल्याकडे डॉक्टर बहुधा आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी ८ आठवडे देतात. आठ आठवडे झाले की थांबायचं आणि पुन्हा तपासायचं, हे मात्र लोक विसरतात. वर्षभर दर रविवारी पुडी घेत राहिलेले लोक मी पाहिलेत, आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येतं. हातातले रिपोर्ट न दाखवता दुकानातून इंजेक्शन टोचून घेणं तर नकोच.

त्याच रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, बी१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच बघून घ्या. फेरिटिन मुद्दाम म्हणते, कारण हिमोग्लोबिन १२ असलं की 'ठीक आहे' म्हणून सोडून देतात आणि आतलं लोहाचं कोठार रिकामं असतं. पाळी येणाऱ्या, धावणाऱ्या, शाकाहारी बाईला तिन्हीकडून गळती आहे. आपल्या राष्ट्रीय शिफारशीत स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. उसळीवर लिंबू पिळा, आवळा खा, आणि चहा जेवणापासून किमान तासभर लांब ठेवा. जेवणावरचा चहा उसळीतलं लोह अडवून ठेवतो. लोहाची गोळी लागली तर ती दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका. बी१२ शाकाहाऱ्यांत कमी निघालं तर आश्चर्य मानू नका, ते ताटातून भरून निघणं कठीण, गोळी घ्यावी लागते.

आता सासूबाईंच्या लाडवाकडे. डिंक हाड सांधतो असं मी म्हणणार नाही. धावड्याचा असो की बाभळीचा, डिंक म्हणजे मुख्यतः तंतू, फायबर. पण त्या लाडवात खोबरं, खारीक, तूप, गूळ, खसखस आहे, आणि एका मध्यम लाडवात २०० च्या आसपास कॅलरी. बाळंतिणीला तो देण्यामागचं शहाणपण हेच असावं: शरीर भरून यायचंय आणि भूक कमी आहे, तर छोट्या घासात भरपूर ऊर्जा द्या. तुमची १२०० वरून १८५० वर जायची वाट या डब्यातूनच जाते. रोज सकाळी एक. फराळही खा, बेसनाच्या लाडवाला नाही म्हणू नका. हळदीच्या दुधात हळद आतड्यातून फारशी शोषली जात नाही, तिचं काम असलंच तर थोडं. दुधाचं काम मात्र पक्कं, म्हणून तेही प्या. पायाचं सूप कॅल्शियमसाठी पितात, पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही, जिलेटिन उतरतं. हाडजोडीच्या वेलाच्या गोळ्यांवर मी कुणालाच पैसे खर्च करायला सांगत नाही.

जिलेटिन-कोलॅजेनबद्दल तुम्ही विचारलंच आहे. १५ ग्रॅम जिलेटिन क जीवनसत्त्वासोबत घेऊन तासाभराने दोरीच्या उड्या मारल्या तर कोलॅजेन (हाडं, कंडरा यांच्यातलं प्रोटीन) बनण्याच्या खुणा वाढतात, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं आणि तिथून हा बाजार उभा राहिला. त्या अभ्यासात ८ पुरुष होते. स्नायुबंध आणि कंडरा यांच्या दुखण्यात मी कधी कधी तो प्रयोग करू देते. तुमच्या दुखण्यात नाही. जिलेटिन प्राण्यांचंच असतं, शाकाहारी म्हणून तुम्हाला तसंही नको असेल. पोट भरल्याशिवाय वरची पावडर म्हणजे गळक्या टाकीला चांदीचा नळ.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या मनाने घेत राहू नका. त्या हाड भरायला उशीर करतात का यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण दुखणं झाकलं जातं हे नक्की, आणि झाकलेल्या दुखण्यावर लोक चालतात. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. तंबाखू, सिगारेट, मिश्री यांनी हाड भरायला उशीर होतो यावर मात्र वाद नाही. घरात कुणाचं मोडलं असेल तर हे त्यांनाही सांगा.

वजनाची भीती तुमच्या पत्रात चार वेळा आलीये, म्हणून तिच्यावर थोडं. या सहा आठवड्यांत एखादा किलो वाढेल, कदाचित वाढणारही नाही. १२०० वर राहिलात तर काटा स्थिर दिसेल आणि तुम्हाला बरं वाटेल, पण त्या स्थिर आकड्याच्या आत मांडी गेलेली असेल. काटा माळ्यावर टाका. त्याऐवजी दोन्ही मांड्यांचा घेर, गुडघ्याच्या वर दहा सेंटीमीटरवर, शिवणकामाच्या फितीने दर रविवारी मोजा. फिजिओंनी सांगितलेले मांडी-नितंबांचे व्यायाम, उजवा पाय, दोन्ही हात, सगळं चालू ठेवा. पोहायला किंवा स्थिर सायकलला परवानगी मिळाली की तासाभराच्या सायकलला ३००-४०० कॅलरी वर खायच्या. तिथे पुन्हा चोरी नको. बूट घातलेले धावपटू अस्वस्थ होऊन दोन-दोन तास सायकल मारतात आणि तूट जिथल्या तिथे आणून ठेवतात.

धावणं परत सुरू होईल ते चालता-चालता मिनिट-दोन मिनिटं धावण्यापासून. त्याचा तक्ता फिजिओ देतील. माझा भाग एवढाच: घराबाहेर पडण्याआधी एक केळं किंवा दोन खजूर, आल्यावर डबे भरायच्या आधी तुमचं दूध आणि लाडू. उभ्याने खा, पण आधी तुम्ही खा. पुन्हा ६० किलोमीटरवर जाल तेव्हा तुमचं रोजचं खाणं २३०० च्या आसपास असायला हवं. पूर्वी खात होता त्यापेक्षा साडेसहाशेने जास्त. दीड तासापेक्षा लांब धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय काहीतरी, मग ते जेल असो, राजगिऱ्याची चिक्की असो की गुळाचं पाणी. आणि पाळी दर महिन्याला येतेय की नाही याची नोंद धावण्याच्या वेगाच्या नोंदीशेजारीच ठेवा. ती पुन्हा ४० दिवसांच्या पुढे गेली की किलोमीटर वाढवायचे नाहीत, ताट वाढवायचं.

जानेवारीत उभी राहू शकेन का? नाही. ऑक्टोबरच्या शेवटी चीर, आठ आठवडे धरले तर डिसेंबरची अखेर. त्यानंतर तीन आठवड्यांत ४२ किलोमीटर म्हणजे पुढची चीर, आणि ती कदाचित मांडीच्या हाडाच्या मानेला. तिथली चीर फार वाईट, ऑपरेशनपर्यंत जाते. तुमचे डॉक्टर 'बघू' म्हणाले असतील, मी बघू म्हणत नाही. दुसऱ्यांदा स्ट्रेस फ्रॅक्चर झालं किंवा पाळी तीन महिने आलीच नाही, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. तोवर फेब्रुवारी-मार्चमध्ये दुखल्याशिवाय पाच किलोमीटर सलग जमले, तर सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफचा विचार करायला हरकत नाही. यवतेश्वराचा घाट आहे, सपाटीचा वेग तिथे चालत नाही, आणि दहा महिन्यांनंतरची ती शर्यत तुमच्या पायाला झेपेल असं मला वाटतं. रक्ताचे रिपोर्ट आले की आकड्यांसकट इथेच लिहा. विशेषतः फेरिटिन.